लिलाव कोठे करावा?

काही प्रश्न असे असतात की, ते प्रथमदर्शनी केवळ व्यवहाराचे वाटतात. चार ठिकाणी चौकशी करावी, दर काढावेत आणि मोकळे व्हावे, एवढेच त्यांत करावयाचे आहे असा आपला समज असतो. परंतु असा एखादा प्रश्न नीट उलटून पाहिला म्हणजे त्याच्या पाठीमागे दुसराच प्रश्न उभा आहे असे आढळून येते, आणि तो मात्र कोणत्याही दुकानदाराच्याने सुटण्याजोगा नसतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या एका स्नेह्यांच्या घरी असाच एक प्रश्न निघाला, आणि सल्ला देण्याच्या निमित्ताने आम्हीही त्यात गुंतलो.

स्नेह्यांचे वडील जुन्या पिढीतले क्रिकेटभक्त. दादरला राहत, कचेरीत कारकुनी करीत आणि रविवारचा दिवस मैदानावर घालवीत. ते जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. राहती इमारत पाडून नवी बांधावयाची ठरली, बिऱ्हाड हलवावयाची वेळ आली, आणि माळ्यावरची एक लोखंडी ट्रंक खाली उतरली. तीत मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या काही छापील पुस्तिका, कचेरीच्या संघाने बक्षीस दिलेला चांदीच्या पट्टीचा एक चेंडू, तेल पिऊन काळी पडलेली एक बॅट आणि एका पाकिटात घडी घातलेला एक कागद निघाला. १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघातील खेळाडूंच्या चौदा सह्या त्या कागदावर होत्या. स्नेह्यांचे मामा त्या वेळी विलायतेत शिकत होते. त्यांनी तो कागद मेहुण्यांसाठी आणला होता. ओव्हलच्या मैदानावर सरवटे आणि बॅनर्जी या शेवटच्या जोडीने सरे संघाविरुद्ध २४९ धावा काढल्या आणि दहाव्या व अकराव्या क्रमांकांवरच्या या दोघांनीही शतके पुरी केली, तो खेळ मामांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि प्रत्येक खेळाडूपुढे स्वतः वही धरून त्यांनी सही मिळविली होती, अशी कथा त्या घरात लहानपणापासून सांगितली जात असे.

वारस तिघे: दोन भाऊ आणि एक बहीण. कागद एक, वाटेकरी तीन. नव्या घरात ट्रंकेला जागा नाही, आणि तिघांच्या मुलांपैकी कोणालाही त्यातल्या नावांची ओळख नाही. तेव्हा सर्व वस्तू लिलावास द्याव्या असे ठरले, आणि लिलाव कोठे करावा, असा प्रश्न त्यांनी आम्हांस केला.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, विकणे हेच मुळात गैर, असे मानणाऱ्यांच्या पंथात आम्ही नाही. वडिलांची वस्तू बाजारात मांडली म्हणजे वडिलांनाच मांडले, असे आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटते. त्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु माळ्यावर कसरीच्या स्वाधीन केलेली वस्तू जपली असे म्हणणे हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे. १९६६ साली फुटबॉलचे विश्वविजेतेपद मिळविणाऱ्या इंग्लंडच्या संघातील नॉबी स्टाइल्स यांनी २०१० साली आपली पदके लिलावास काढली. त्यांना मुलगे तीन, आणि एका पदकाचे तीन तुकडे होत नाहीत. ज्या मँचेस्टर युनायटेड संघाकडून ते खेळले त्यानेच विश्वचषकाचे ते पदक १ लाख ८८ हजार २०० पौंडांस घेतले. आपल्याकडे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र हिंदुस्थानातील खेळाडूने वैयक्तिक स्पर्धेत मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. २०१७ साली त्यांच्या चिरंजिवांनी ते पदक लिलावास काढण्याचा विचार बोलून दाखविला, तो घर चालविण्यासाठी नव्हे, तर वडिलांच्या गावी कुस्तीचे केंद्र उभे राहावे म्हणून. या दोन्ही प्रसंगी विक्री हा विस्मरणाचा प्रकार होता असे कोण म्हणेल? तेव्हा विकावे की न विकावे हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. आमच्या स्नेह्यांनी तो सोडविला होता.

राहिला कोठे विकावे हा प्रश्न. धाकट्या बंधूंचे लक्ष अर्थातच मोठ्या नावांकडे होते. २०२० साली शेन वॉर्न यांची हिरवी टोपी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक किमतीस गेली आणि ती रक्कम वणव्याने पोळलेल्या लोकांना देण्यात आली; त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रॅडमन यांची १९२८ सालची टोपी साडेचार लाख डॉलरांस विकली गेली. या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. तेव्हा वस्तू लंडनच्या एखाद्या विख्यात पेढीकडेच पाठवावी असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु बातमी होते ती अपवादाची. बेताच्या किमतीच्या जिनसा अशा पेढ्या बहुधा घेतच नाहीत. आणि घेतल्या तरी दहा-वीस वस्तूंची एक मोट बांधून विक्रीच्या शेवटी, मंडळी उठून जाण्याच्या वेळी, पुकारतात. शिवाय नाव मोठे म्हणजे व्यवहार चोख असेही नाही. सदबीज (स्थापना १७४४) आणि क्रिस्टीज (स्थापना १७६६) या जगातील दोन सर्वांत नामांकित पेढ्यांनी विक्रेत्यांकडून घ्यावयाच्या अडतीचे दर गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आपापसांत संगनमताने ठरविले होते. ते उघडकीस आल्यावर दोघींना मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर भरपाई द्यावी लागली, आणि सदबीजच्या माजी अध्यक्षांना २००१ साली न्यायालयाने दोषी ठरविले.

लहान वस्तूच्या मालकाने अडतीचा हिशेब आधी समजून घ्यावा हे बरे. समजा, त्या सह्यांच्या कागदासाठी एखादा गृहस्थ सगळे मिळून बारा हजार रुपये खर्चावयास तयार आहे. लिलावगृह खरेदीदाराकडून वीस टक्के अधिभार घेत असेल, तर तो बोली लावील दहा हजारांचीच. हा खरेदीदाराचा अधिभार लंडनमध्ये १९७५ पासून रूढ झाला. दिसावयास तो घेणाऱ्यावर पडतो, वस्तुतः तो निघतो देणाऱ्याच्याच पदरातून. त्या दहा हजारांतून पंधरा टक्के अडत गेली, म्हणजे दीड हजार. छायाचित्र, विमा, टपाल यांचे हजार धरले. उरले साडेसात हजार. तिघांत वाटणी केली म्हणजे प्रत्येकी अडीच हजार. वस्तू विकली गेली नाही तर परत आणण्याचा खर्च निराळाच. तेव्हा मोठ्या वस्तूला जे परवडते ते लहान वस्तूला खाऊन टाकते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. चढत्या बोलीच्या लिलावात वस्तूची किंमत ज्याला ती सर्वांत अधिक हवी असते तो ठरवीत नाही; ती ठरते त्याच्या खालोखाल जो असतो त्याच्यामुळे. दुसरा थांबला की पहिल्याला पुढे जाण्याचे कारणच उरत नाही. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ साली लिलावांचे जे विवेचन केले त्यात या दुसऱ्या बोलीचे महत्त्व उलगडून दाखविले आहे. १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. आमच्या प्रश्नापुरता त्याचा अर्थ असा की, सरवटे कोण आणि हिंदळेकर कोण हे जाणणारी निदान दोन माणसे जेथे जमतात, तेथे तो कागद न्यावा. ज्या दालनात पाचशे श्रीमंत बसले आहेत आणि त्यांतल्या एकालाच ही नावे ठाऊक आहेत, तेथे तो मातीमोल जाईल. म्हणून आम्ही स्नेह्यांना सांगितले की, विख्यात पेढीपेक्षा जाणकार पेढी बरी. मग ती एखाद्या आडगावची का असेना.

इंग्लंडात क्रिकेटच्याच वस्तू विकणाऱ्या अशा पेढ्या आहेत. परंतु तेथे कागद पाठविण्यात कायद्याची अडचण संभवते. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या ऐतिहासिक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांचे ऐतिहासिक मोलाचे हस्तलेख व दस्तऐवज खासगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. १९४६ चा कागद या व्याख्येत बसतो की नाही याचा निर्णय पुरातत्त्व खात्याकडूनच घ्यावयास हवा. तो आपल्या सोयीने घरी बसून करावयाचा नव्हे. तेव्हा हा खटाटोप टाळून वस्तू मुंबईतच विकाव्या असे ठरू लागले. येथेही तीन वाटा होत्या: चोरबाजारातील एखाद्या दुकानदाराला ट्रंकेसकट देऊन रोख पैसे घ्यावे, संगणकावरून घरबसल्या स्वतःच बोली मागवाव्या, किंवा नाणी, पदके आणि जुने कागद विकणाऱ्या एखाद्या लिलावगृहाकडे जावे.

येथवर प्रश्न व्यवहाराचाच होता. परंतु त्याच सुमारास ट्रंकेच्या तळाशी मामांचे एक पत्र सापडले. ते १९४६ च्या उन्हाळ्यातले होते. त्यात सरेच्या सामन्याचे मोठे बहारीचे वर्णन होते. शेवटी मात्र दोन ओळी अशा होत्या की, सह्यांसाठी खेळाडूंपर्यंत पोहोचणे जमले नाही, संघ उतरला होता त्या हॉटेलातील एका ओळखीच्या गृहस्थांनी हा कागद मिळवून दिला. पत्र वाचून बहिणीने कागद पुन्हा उजेडात धरला. विजय मर्चंट यांची सही आणि तिच्या खालची सही यांची शाई एक, लेखणीचा दाब एक, अक्षराचे वळणही एकच. दौऱ्यावरच्या संघात शेकडो कागद सहीसाठी येतात आणि एखादा खेळाडू गैरहजर सोबत्याचेही नाव लिहून मोकळा होतो, हा प्रकार क्रिकेटच्या जगात जुना आहे.

धाकटे बंधू म्हणाले, "दादा, तू हे पत्र कशाला द्यायचे म्हणतोस? सही खोटी आहे असे आपल्याला तरी कोठे ठाऊक आहे? संगणकावर कागदाचे चित्र टाकू. ज्याला घ्यायचा तो पारखून घेईल."

बहीण म्हणाली, "अरे, पण आपल्याला जी शंका आली ती त्याला येऊ नये अशीच तुझी इच्छा आहे ना?"

धाकट्या बंधूंच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही, आणि त्यांना लबाड ठरविणे अन्यायाचे होईल. विक्रेता हा पंडित नसतो. आपल्याला ज्याची खात्री नाही त्याची ग्वाही त्याने देऊ नये हे खरे. पण मनात आलेली प्रत्येक शंका गिऱ्हाइकाला सांगितलीच पाहिजे असाही निर्बंध बाजारात नाही. घेणाराही काही लहान मूल नव्हे. शिवाय प्रश्न लाखांचा नव्हे, काही हजारांचा. एवढ्याशा कागदासाठी घरातली साठ-सत्तर वर्षांची कथा आपल्याच हाताने मोडावयाची, यात पितृभक्तीही दिसत नाही आणि शहाणपणही दिसत नाही. असा हा पक्ष आहे. आणि सभ्य घरांतून तो नेहमी मांडला जातो.

या पक्षाला आमचे उत्तर असे आहे. मोठ्या वस्तूच्या बाबतीत सत्याची राखण करणारे पुष्कळ असतात. १९६८ साली ३१ ऑगस्ट रोजी स्वान्सीच्या मैदानावर सोबर्स यांनी नॅश यांच्या एका षटकात सहा षटकार मारले. त्या षटकातला म्हणून एक चेंडू २००६ साली लंडनमध्ये २६ हजार ४०० पौंडांस विकला गेला. पुढे एका पत्रकाराने शोध घेतला, विकलेला चेंडू ज्या कारखान्याचा होता त्या कारखान्याचे चेंडू ग्लॅमॉर्गनचा संघ त्या काळी वापरीतच नव्हता असे दाखविले, आणि त्यावर संबंध पुस्तक लिहिले. अमेरिकेत शिकागोनजीकच्या एका नामांकित क्रीडावस्तू-लिलावगृहाच्या मालकाने खोट्या बोली लावून किमती चढविल्याची आणि होनस वॅग्नर या खेळाडूच्या चित्राच्या एका अतिमौल्यवान पत्त्याच्या कडा कातरल्याची कबुली दिली. २०१५ साली त्याला वीस महिन्यांची कैद झाली. त्याच देशात गेल्या शतकाच्या अखेरीस खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा एक कारखानाच सरकारी तपासात सापडला. त्यात मदर तेरेसा यांच्या खोट्या सहीचे बेसबॉलचे चेंडूदेखील निघाले. यावरून घेणाऱ्याची पारख कितपत विश्वासाची हे दिसून येते. मोठ्या किमतीमागे पत्रकार लागतात, पोलीस लागतात, प्रतिस्पर्धी लागतात. दादरच्या ट्रंकेतल्या कागदामागे कोण लागणार? त्यावर पुस्तक कोणी लिहिणार नाही. त्याविषयीचे सत्य त्या क्षणी जगात केवळ तिघांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते पत्र फाडले असते तर ते कायमचे नाहीसे झाले असते. वस्तू लहान म्हणून जबाबदारी लहान, हा हिशेबच उलटा आहे. वस्तू जितकी लहान तितके तिचे साक्षीदार थोडे, आणि म्हणून उरलेल्या साक्षीदारांवरचा भार अधिक.

दुसरे असे की, जाणूनबुजून गप्प राहणे आणि न जाणणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पत्र सापडण्यापूर्वी त्यांनी तो कागद चौदा सह्यांचा म्हणून विकला असता तर त्यांच्याकडे दोष गेला नसता. पत्र वाचल्यावर मात्र जे ठिकाण प्रश्न विचारीत नाही ते ठिकाण, त्याच कारणासाठी, निवडणे हे आपले मौन दुसऱ्याच्या मौनात लपविण्यासारखे आहे. चोरबाजारातला दुकानदार काही विचारणार नव्हता. संगणकावर कोणी विचारले तर उत्तर देणे न देणे आपल्या हाती होते. लिलावगृहातला माणूस मात्र पहिल्याच भेटीत विचारणार होता की, हा कागद तुमच्या घरी कसा आला, आणि त्याचा काही पुरावा आहे काय? तेव्हा कोठे विकावे या प्रश्नाच्या आत खरा प्रश्न हा होता की, आपल्याला कोणाच्या प्रश्नांपुढे उभे राहावयाचे आहे.

राहिली पितृभक्ती. आम्ही स्नेह्यांना विचारले, "वडिलांनी ही कथा स्वतः कधी सांगितली होती काय?" थोडा विचार करून ते म्हणाले, "नाही. नाना एवढेच म्हणत की, हा कागद मामांनी आणला. वही धरल्याचे वगैरे आम्ही मुलांनीच मागाहून जोडले असावे." पुष्कळ घरांतल्या कथा अशाच वाढतात, आणि त्यात कोणाचा कपटभाव नसतो. परंतु वडिलांनी पत्र आणि कागद एकाच ट्रंकेत ठेवले होते, दोहोंपैकी एकही टाकले नव्हते, हेही तितकेच खरे. त्यांची आठवण राखावयाची तर त्यांनी जे एकत्र ठेवले ते आपण वेगळे न करणे हाच तिचा मान.

शेवटी वस्तू लिलावगृहाकडे गेल्या. कागदासोबत पत्राची प्रत देण्यात आली. यादीतल्या वर्णनात असे छापले गेले की, हा कागद संघाच्या हॉटेलातून १९४६ साली मिळालेला आहे, त्यासंबंधीचे समकालीन पत्र उपलब्ध आहे, आणि दोन सह्या एकाच हातच्या असण्याचा संभव आहे. ते वर्णन वाचून धाकटे बंधू काही वेळ बोलले नाहीत. मिळालेली रक्कम त्यांच्या अपेक्षेच्या निम्मीही नव्हती. आणि सत्य सांगितल्याने किंमत वाढली असा सोयीस्कर शेवट आम्ही येथे जोडणार नाही. चांदीच्या पट्टीचा चेंडू कोणीच घेतला नाही. तो परत आला, आणि बहिणीने तो आपल्याकडे ठेवून घेतला.

वाचकांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल आणि केव्हातरी ती खाली उतरेल. त्यांनी अडतीचे दर अवश्य विचारावेत, वस्तू विकली न गेल्यास काय आकारणार तेही लिहून घ्यावे, आणि या प्रकारच्या वस्तूंचे जाणकार तेथे येतात की नाही याची चौकशी करावी. परंतु दोन ठिकाणे इतर सर्व बाबतींत सारखी भरली आणि निवड करणे कठीण झाले, तर ज्या ठिकाणी आपल्याला अधिक प्रश्न विचारले जातील ते ठिकाण पत्करावे. त्याने पदरात चार पैसे कमी पडतील हे शक्य आहे. परंतु घेणाऱ्याच्या घरी जो कागद जाईल तो आपण जाणतो तसाच जाईल, आणि पुढेमागे त्याच्याही मुलांनी ती घडी उलगडली तर त्यांना मामांचे ते पत्रही वाचावयास मिळेल.